काश्यप वाटेतून का परतला?

परीक्षित राजा तक्षकाच्या दंशाने मेला, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. आदिपर्वात त्या दंशाच्या आधी एक प्रसंग येतो, तो मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. सर्पविषावर इलाज करण्याची विद्या असलेला काश्यप नावाचा ब्राह्मण राजाला वाचवायला हस्तिनापूरकडे निघालेला असतो. तक्षक त्याला वाटेत गाठतो, आपल्या विषाने एक वड जाळून दाखवतो, आणि काश्यप तो वड पुन्हा जसाच्या तसा उभा करतो. विद्या खरी आहे हे कळल्यावर तक्षक तिच्याशी झुंजत बसत नाही. काश्यपाला हवे तेवढे धन देऊन तो त्याला माघारी पाठवतो. राजाचे आयुष्य सरलेलेच आहे असे काश्यपालाही ध्यानातून कळलेले असते, त्यामुळे त्याचे मन खात नाही. पुढे परीक्षिताचा मुलगा जनमेजय याला हे सारे मंत्र्यांकडून समजते आणि तो संतापतो, पण त्या संतापातून उभे राहते ते सर्पसत्र. अग्नीत साप पडतात. काश्यपाला जाब विचारायला कोणी जात नाही.

मराठवाड्यात दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार-चार ओळींच्या बातम्या येतात. सोयाबीन खुरपताना, वैरण काढताना, रात्री झोपेत सर्पदंश. आणि पुढे ‘उपचारादरम्यान’ किंवा ‘रुग्णालयात नेत असताना’ मृत्यू. या बातम्यांवर आपले बोलणेही ठरलेले असते. साप दिसेल तिथे ठेचावा असे काहींचे मत पडते, सापांविषयीचे गैरसमज दूर व्हावेत असे काहींचे, आणि दोन्ही बाजूंची चर्चा सापापासून सुरू होऊन सापापाशीच संपते. माझे म्हणणे असे आहे की या मृत्यूंचा हिशेब सापाच्या खात्यावर लिहिणे हीच मुळात चुकीची नोंद आहे. ज्या मुलखातली बहुसंख्य माणसे जमिनीवर वाकून काम करतात आणि जमिनीवरच झोपतात, तिथे साप अधूनमधून चावणारच. चावलेला माणूस मरतो तो बहुतेक वेळा वैद्य आणि औषध त्याच्यापर्यंत पोचण्याआधी वाटेतून परतल्यामुळे.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. आमच्या भावकीतला एक मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. श्रावणाचे दिवस होते आणि रात्रभर भुरभुर पाऊस लागलेला होता. घरात बाज एकच, तिच्यावर आजी. बाकी सगळे ओसरीत वाकळा टाकून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास पोरगा उठून बसला आणि पोट दुखतंय म्हणाला. आईने ओवा चावायला दिला. त्याला एक उलटी झाली, तेव्हा रात्रीच्या शिळ्या भाजीला दोष दिला गेला. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या खाली येऊ लागल्या, तरी चुलता म्हणाला, ‘झोप झाली नाही लेकराची, म्हणून डोळे मिटायलेत.’ अंगावर दाताची खूण दिसत नव्हती, सूज नव्हती, रक्त नव्हते. आजीने अंथरूण काढायला घेतले तेव्हा वाकळेच्या घडीतून काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचे जनावर सरपटत भिंतीकडे गेले आणि मग घरात एकच आकांत झाला.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आम्ही त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. सिस्टर एकट्याच होत्या. डॉक्टर तालुक्याच्या गावी राहायला होते. कपाटात औषध होते, ते सिस्टरनी आम्हाला दाखवलेही. ‘हे मी माझ्या जबाबदारीवर कसं देऊ दादा? काही रिॲक्शन आली तर? तुम्ही पुढे न्या,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. तालुक्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने औषध सुरू केले, घशात नळी घातली आणि हाताने दाबायची हवेची पिशवी लावली, कारण श्वासाचे यंत्र तिथे नव्हते. तिथून जिल्ह्याच्या गावापर्यंत रुग्णवाहिकेत दोन तास लागले. ती पिशवी मिनिटाला बारा-पंधरा वेळा दाबावी लागते. गाडीतला डॉक्टर, चुलता आणि मी अशा तिघांनी पाळीपाळीने ती दाबली. म्हणजे दोन तासांत दीड हजार वेळा तरी. मुलगा सहा दिवस यंत्रावर राहिला आणि वाचला.

तो मण्यार होता. मण्यार रात्री हिंडतो, उंदीर, पाली आणि दुसरे साप खातो, आणि उबेला किंवा भक्ष्याच्या मागावर माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचे दात इतके बारीक असतात की झोपलेल्याला अनेकदा जागही येत नाही. विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते, त्यामुळे आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात. माणूस शुद्धीत असतो, त्याला सगळे ऐकू येत असते, फक्त श्वास घेता येत नाही. तंतूंच्या टोकांची एकदा झालेली हानी प्रतिविषाने भरून निघत नाही, ती शरीराने आपल्या गतीने दुरुस्त करायची असते, आणि तोवर कोणीतरी त्याचा श्वास चालू ठेवायचा असतो. मण्याराच्या दंशावरचा अर्धा उपचार म्हणजे अशा रीतीने नुसता श्वास आहे. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या ही दोन लक्षणे पावसाळ्यात दिसली की मण्याराचा संशय घ्यावा, एवढी एक गोष्ट शाळेत शिकवली असती तर आमचे दोन तास वाचले असते.

देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. माणसाच्या मृत्यूला कारण होणारे आपल्या भागात प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. शेतात, गवतात, उसाच्या पाचटात घोणस. माळरानाच्या दगडगोट्यांत फुरसे. घराच्या आसपास उंदरांमागे येणारा नाग. आणि अंथरुणातला मण्यार. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अंदाज मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत, पाव हिश्श्याहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालच्या मुलांचे आहेत, आणि बहुतेक माणसे खेड्यात, घरीच मेलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. ‘दुर्लक्षित’ हा शब्द अगदी नेमका पडला, कारण सरकारी दवाखान्यांच्या नोंदींमधला आकडा या अंदाजाच्या जवळपासही कधी फिरकलेला नाही. घरी मेलेल्याची नोंद दवाखाना कशी करणार?

औषध नाही म्हणून हे घडते असे म्हणावे, तर औषध आहे. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या संस्थांत घोड्यांना सर्पविषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष करण्याचे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. भुकटीच्या स्वरूपातल्या कुप्यांना फ्रीजचीही सक्ती नसते. सुरुवातीची मात्रा साधारण दहा कुप्यांची, आणि ती मुलांनाही मोठ्यांएवढीच द्यावी लागते, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर रक्त गोठते आहे की नाही हे पाहायला प्रयोगशाळाही लागत नाही: दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायचे. रक्त अजून वाहते असेल तर विष रक्तात भिनलेले आहे. मात्र नळी काचेचीच हवी आणि साबणाच्या पाण्याने धुतलेली नको, नाहीतर निकाल फसवा येतो. तालुक्याच्या त्या दवाखान्यात मी वाट पाहत बसलो होतो तेव्हा शेजारच्या खाटेवर शेतात पाय सुजून आलेली एक बाई होती, आणि तिची नळी एका रिकाम्या औषधाच्या खोक्याला टेकवून ठेवलेली होती. तिचा नवरा वीस मिनिटे त्या नळीकडे पाहत उभा होता. इतका मोठा निर्णय इतक्या साध्या वस्तूने होतो, याचे मला आजही नवल वाटते.

तेव्हा उणीव आहे ती धीराची आणि रात्रीच्या हजेरीची. घोड्यापासून केलेले औषध असल्यामुळे प्रतिविषाने काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते, हे खरे आहे. पण त्या प्रतिक्रियेवर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आहे आणि ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असायलाच हवे. ज्या तरुण डॉक्टरने हे औषध स्वतःच्या हाताने कधी दिलेले नाही आणि ज्याच्या दाराशी वीस-पंचवीस नातेवाईक उभे आहेत, त्याला ‘पुढे न्या’ हे दोन शब्द सर्वांत सुरक्षित वाटतात. रुग्ण त्याच्या हातून मरत नाही, रस्त्यावर मरतो. आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून वैद्यकीय महाविद्यालय, असा एकेक टप्पा चढत घोणशीचे विष मूत्रपिंडांपर्यंत पोचलेले असते. काश्यपाला निदान परतण्याचे धन मिळाले होते. आमच्या डॉक्टरला परतवते ती भीती, आणि त्या भीतीला प्रशिक्षण व पाठबळ हाच इलाज आहे.

हे होऊ शकते याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात गेले ते प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणून. लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या रुग्णांच्या उशाशी बसून, त्यांची नाडी आणि रक्तदाब तासागणिक टिपून त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग जगासमोर मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे उपचार केले आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या दहा वर्षांच्या अनुभवाचा लेखाजोखा २००५ साली देशातल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात मांडला. या दोघांचा सत्कार करताना त्यांचा त्याग आणि जिद्द यांवर भाषणे होतात. मला त्यातून दुसरेच दिसते: खाट, सलाईन, काही कुप्या आणि जागेवर असलेला जाणता डॉक्टर, एवढ्यावर तालुक्याच्या ठिकाणी माणसे वाचतात. मग जे एकाला जमते ते व्यवस्थेला सहज जमायला हवे. त्यासाठी दरवेळी असामान्य माणूस लागत असेल तर ती व्यवस्था कसली?

आता मांत्रिकाकडे येऊ, कारण या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण शेवटी त्याच्यावरच घसरतो. आपल्या भाषेतच विष ‘चढते’ आणि ‘उतरते’. जे चढते ते कोणीतरी उतरवू शकतो, ही समजूत शब्दांतच भरलेली आहे. रात्री साप म्हणू नये म्हणून लांबडं म्हणायचे, जनावर म्हणायचे. चावला म्हणू नये म्हणून ‘पान लागलं’ म्हणायचे. पैठणच्या एकनाथांनी हीच मांत्रिकाची भाषा भारुडात वापरली, पण त्यांचा विंचू काम-क्रोधाचा होता आणि त्यावरचा अंगारा सत्त्वगुणाचा. ऐकणाऱ्यांना त्यातले रूपक कळत होते. त्याच पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त देतात, तेव्हा त्या सापावरचा उपाय उजेड हा असतो. वेदान्त आणि आरोग्य खाते यांचे निदान एका बाबतीत एकमत आहे: अंधारात पाय टाकण्यापूर्वी दिवा आणा.

मांत्रिकाचे यश ही निव्वळ थाप नाही, त्यामागे साधे गणित आहे. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या, तस्कर यांपैकी कोणी चावले तर माणूस मंत्राशिवायही बराच होणार असतो. विषारी सापाचाही प्रत्येक दंश विष सोडतोच असे नाही. तेव्हा दहा जणांना कडुनिंबाचा पाला खायला घालणाऱ्या मांत्रिकाच्या हातून बरेच जण ‘बरे’ होतात, आणि जो मरतो त्याला आणायला उशीर झालेला असतो. हे गणित लोकांना समजावून सांगितले पाहिजे, यात वाद नाही. पण आणखी एक गोष्ट मला तितकीच मोठी वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही: मांत्रिक गावातच राहतो आणि रात्री दोन वाजता दार वाजवले तरी दार उघडतो. तो पुढे न्या म्हणत नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हा प्रकार स्पष्टपणे घातलेला आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचा इलाज करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. कायदा योग्य आहे आणि त्यामागची चळवळ मोठ्या किमतीवर उभी राहिलेली आहे. परंतु एका बाजूला रात्री दार उघडणाऱ्या अडाण्याला सात वर्षे आणि दुसऱ्या बाजूला रात्री बंद असलेल्या दाराला काहीच नाही, ही तराजू मला सरळ वाटत नाही. मांत्रिकाचे दुकान बंद करायचे असेल तर त्याच्यापेक्षा जवळ, त्याच्याइतकेच उघडे असे दुसरे दार त्याच गावच्या रस्त्यावर असले पाहिजे. तोवर अंधश्रद्धेवरची भाषणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे.

सापाशी आपले नाते या सगळ्यात विचित्र होऊन बसले आहे. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा आपल्या राणीसह बसलेला आहे, मस्तकावर फण्यांचे छत्र धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर कमालीची शांतता आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला देवाचे नावच नागनाथ. पंचमीला आपल्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, जमीन खणत नाहीत. बाया वारुळाला जाऊन लाह्या वाहतात आणि नागाला भाऊ मानतात. त्या दिवशीची कहाणी मला नेहमी प्रामाणिक वाटत आलेली आहे. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मरतात, नागीण सूड घेते, आणि पूजेत रमलेली लेक घराला वाचवते. त्या कहाणीत पहिली जखम नांगराची आहे, हे सांगणारीने लपवलेले नाही. पण त्यातला सूडच आपण पक्का धरला. ‘डूख धरणे’ हा वाक्प्रचार झाला आणि मारलेल्या सापाचा जोडीदार शोधत येईल म्हणून मेलेला साप जाळण्याची पद्धत पडली. सापाच्या मेंदूत एवढ्या मोठ्या वैराला जागा नाही. पंचमीला ज्याला दूध दाखवायचे (जे त्याला पचतही नाही) त्यालाच दुसऱ्या दिवशी काठी, आणि त्यात सर्वाधिक मरते बिचारी धामण, जी रोज आपल्याच कणगीतले उंदीर खात असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याची टोपली बंद केली, हे चांगले झाले. गारुड्याच्या पोटाचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याची जागा आता सर्पमित्रांनी घेतली आहे. त्यांतले अनेक जण मध्यरात्री स्वतःच्या पेट्रोलने वस्त्यांवर जातात, आणि त्यांच्यामुळे साप आणि माणूस दोघेही वाचतात. काही जण मात्र मोबाइलसमोर नागाचा फणा हातात धरून उभे राहतात आणि एखाद्या दिवशी त्याच हातावर दंश घेऊन दवाखान्यात येतात. या दुसऱ्या प्रकाराला शौर्य म्हणणे आपण थांबवायला हवे.

साप आणि माणूस यांची गाठ कुठे पडते, हे ठरवण्यात सरकारी धोरणाचा हात आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज आठवड्याआड पाळी बदलत दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी बारा वाजता उठून अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाकडे पाणी वळवायला, जातो. हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी देत चिखलातून, बांधावरून अनवाणी फिरतो. थंडीच्या दिवसांतही घोणस शेतात हिंडत असते. दिवसा वीज देण्याच्या घोषणा खूप झाल्या, २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनाही आली. ज्या फीडरवर ती खरोखर पोचली तिथे शेतकरी रात्री घरात झोपू लागला. सर्पदंश टाळणारी योजना म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण ती तशी आहे. दुसरे उदाहरण अंथरुणाचे. बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारापासून जे संरक्षण देते ते दुसरे काहीच देत नाही. बीडहून आणि आसपासच्या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाचटाच्या कोपीत जमिनीवर सहा-सहा महिने झोपतात, लहान मुलांसकट. त्यांच्यासाठी घोषणा करणाऱ्यांपैकी कोणी कधी मच्छरदाणीचा विचार केला असेल असे वाटत नाही.

आणि मग माणूस मेल्यावर शासन येते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे; नवरा गेलेल्या बाईला त्या पैशाची किंमत विचारा. पण तिच्या अटी पाहा. वय दहा ते पंचाहत्तर. खातेदार शेतकरी, किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या भूमिहीन बाईचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते, आणि मण्याराने मेलेल्या आठ वर्षांच्या मुलीचे वय बसत नाही. साप सातबारा पाहून चावत नाही. जो वाचतो पण घोणशीच्या विषाने ज्याची मूत्रपिंडे गेली आणि ज्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागते, त्याचा समावेशही मृत्यू, डोळा आणि हात-पाय एवढेच मोजणाऱ्या हिशेबात सहज होत नाही. मृत्यूनंतरच्या २ लाखांसाठी शासनाकडे अर्ज आहे, समिती आहे, मुदत आहे. मृत्यूआधीच्या दहा कुप्यांसाठी असा कोणता कागद आहे?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशावरचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे केंद्राने राज्यांना कळवले. नोंद ही कोरडी गोष्ट वाटते, पण तिच्याविना कुठल्या तालुक्याला किती कुप्या लागतात हेच कळत नाही. दुसरा मुद्दा विषाचा आहे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतांश विष आजही तमिळनाडूतून येते, १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते हे संशोधनाने दाखवून दिलेले आहे. तेव्हा आपल्या घोणशीचे विष गोळा करून, त्यावर तमिळनाडूच्या विषापासून केलेले औषध किती चालते हे तपासणारे एक केंद्र मराठवाड्यात असावे ही मागणी अवाजवी नाही. माझी पहिली मागणी मात्र त्याहून फार स्वस्त आहे. जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर दोन गोष्टी रोज खडूने लिहाव्यात: आज रात्री मुक्कामी असणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि कपाटात असलेल्या कुप्यांची संख्या. आणि कुप्या असताना, डॉक्टर असताना रुग्ण पुढे पाठवला गेला तर त्याचे कारण त्याच रात्री लेखी द्यावे लागावे.

आमचा मुलगा दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याला आधी वारुळाला नेले, मग घरात घेतले. त्याच्या आईने नवस फेडला, गावजेवण झाले. त्या जेवणात तालुक्याच्या त्या तरुण डॉक्टरला बोलवायचे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. तोवर त्याची बदली झाली होती असे पुढे कळले. मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे, शेती तोच पाहतो. मागच्या कार्तिकात मी गावी गेलो होतो तेव्हा लाईटची रात्रपाळी चालू होती. साडेबाराला त्याचा मोबाइल वाजला, तो उठला, खांद्यावर फावडे टाकले आणि अनवाणीच निघाला. बूट घाल म्हणालो तर म्हणाला, ‘चिखलात रुततात काका, पाणी दुसऱ्याच्या रानात जातंय तवर.’ दोन्ही हात फावड्याला लागतात म्हणून मोबाइलची बॅटरी त्याने दातात धरली होती, आणि बांधाच्या वळणापर्यंत तो उजेड हलताना दिसत होता.